जुन्या भिंगांना नवी दृष्टी

माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा कपाटाच्या मागच्या खणात चामड्याच्या काळ्या पिशवीत ठेवलेला एखादा जुना कॅमेरा आजही अनेक घरांत सापडतो. वडिलांनी किंवा आजोबांनी हौसेने घेतलेला झेनिट, याशिका, पेंटॅक्स किंवा निकॉन. फिल्म मिळेनाशी झाली, ती धुऊन देणारे स्टुडिओ एकेक करून बंद पडले आणि हे कॅमेरे अडगळीत गेले. पिशवी उघडली की कॅमेऱ्याची बॅटरी गंजलेली असते, शटर अडकलेले असते. पण त्यावर बसवलेली लेन्स मात्र बहुधा शाबूत असते. काच आणि धातू यांखेरीज तिच्यात फारसे काही नसतेच. हीच लेन्स आजच्या मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर बसवून उत्तम छायाचित्रे काढता येतात, हे ठाऊक नसल्याने कितीतरी लेन्स भंगारात जातात किंवा पावसाळ्याच्या ओलाव्यात बुरशीला बळी पडतात.

गेल्या काही वर्षांत जगभरातील हौशी व व्यावसायिक छायाचित्रकार या जुन्या लेन्सकडे पुन्हा वळले आहेत. त्यामागे केवळ गतकाळाची ओढ नाही. त्याला भौमितिक कारण आहे, आर्थिक कारण आहे आणि चित्राच्या पोताचेही कारण आहे.

काही मिलिमीटरांचा खेळ

प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्स ज्या धातूच्या कडीवर बसते, ती कडी आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यातील अंतर ठरलेले असते. या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. लेन्सची घडण या अंतराशी बांधलेली असते. लेन्स ठरलेल्या अंतरापेक्षा सेन्सरच्या जवळ आली, तरी ॲडॅप्टर नावाची धातूची कडी मध्ये घालून ते अंतर भरून काढता येते. उलट ती दूर गेली, तर दूरची वस्तू कधीच स्पष्ट येत नाही. केवळ जवळच्या वस्तूंवर फोकस साधता येतो.

एसएलआर कॅमेऱ्यांत लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये तिरका आरसा असे. लेन्समधून येणारे दृश्य हा आरसा वर व्ह्यूफाइंडरकडे पाठवी आणि शटर दाबताच वर उचलला जाई. आरशाला हलायला जागा हवी म्हणून या कॅमेऱ्यांचे फ्लँज अंतर मोठे ठेवावे लागे. १९५९ साली आलेल्या निकॉनच्या एफ माऊंटचे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. पेंटॅक्स, प्राक्टिका, झेनिट अशा अनेक कॅमेऱ्यांनी वापरलेल्या एम ४२ या स्क्रू माऊंटचे ४५.४६, मिनोल्टाच्या जुन्या माऊंटचे ४३.५, तर कॅननच्या एफडी माऊंटचे ४२ मिलिमीटर आहे.

मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही. सेन्सरवरील दृश्य थेट इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते. त्यामुळे फ्लँज अंतर निम्म्याहूनही कमी झाले. सोनीच्या ई माऊंटचे अंतर १८ मिलिमीटर, कॅननच्या आरएफ माऊंटचे २०, फुजीफिल्मच्या एक्स माऊंटचे १७.७ आणि निकॉनच्या झेड माऊंटचे अवघे १६ मिलिमीटर आहे. एम ४२ लेन्स सोनीवर बसवायची, तर ४५.४६ मधून १८ वजा करून उरणाऱ्या २७.४६ मिलिमीटर जाडीची पोकळ कडी पुरते. तिच्यात काच नाही, तारा नाहीत, मोटर नाही. जवळपास कोणत्याही जुन्या एसएलआर लेन्ससाठी अशी कडी तयार करता येते, ती याच मोकळ्या जागेमुळे.

पोरक्या लेन्सची कहाणी

या वजाबाकीचे महत्त्व कॅननच्या उदाहरणावरून कळते. १९७१ साली एफ-१ या कॅमेऱ्याबरोबर कॅननने एफडी माऊंट आणला आणि पुढील दीड दशकात त्यासाठी अनेक नामांकित लेन्स बनवल्या. १९८७ मध्ये ऑटोफोकसच्या युगात शिरताना कंपनीने ईएफ हा पूर्णपणे वेगळा माऊंट स्वीकारला. त्याचे फ्लँज अंतर ४४ मिलिमीटर, म्हणजे एफडीपेक्षा दोन मिलिमीटर अधिक. या दोन मिलिमीटरांनी एफडी लेन्स पोरक्या केल्या. मध्ये आणखी एक काच घातल्याशिवाय त्या कॅननच्याच नव्या कॅमेऱ्यावर दूरचे दृश्य टिपू शकत नव्हत्या आणि ती जादा काच चित्राचा दर्जा खाली आणत असे. ऑटोफोकसकडे वळलेल्या छायाचित्रकारांच्या या लेन्स मग बाजारात स्वस्तात मिळू लागल्या.

मिनोल्टाचीही गत तशीच झाली. १९८५ मध्ये ७००० या ऑटोफोकस कॅमेऱ्याबरोबर कंपनीने माऊंट बदलला. २००३ मध्ये ती कोनिकात विलीन झाली आणि २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाने कॅमेरा व्यवसायच सोडून तो सोनीच्या हाती दिला. त्याच सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर आज मिनोल्टाच्या जुन्या रोकोर लेन्स मोठ्या आवडीने वापरल्या जातात.

बदलाची सुरुवात २००८ मध्ये पॅनासॉनिकच्या जी १ या मायक्रो फोर थर्ड्‌स कॅमेऱ्याने झाली. २०१० मध्ये सोनीचे नेक्स कॅमेरे आले. तथापि या कॅमेऱ्यांचे सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान होते. लहान सेन्सर लेन्सने टाकलेल्या प्रतिमेचा फक्त मधला भाग उचलतो. त्यामुळे ५० मिलिमीटरची लेन्स एपीएस-सी सेन्सरवर सुमारे ७५ मिलिमीटरच्या, तर मायक्रो फोर थर्ड्‌सवर १०० मिलिमीटरच्या लेन्सइतके अरुंद दृश्य दाखवते. २०१३ मध्ये सोनी ए ७ आला. त्याचा सेन्सर ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा होता. जुनी लेन्स तिच्या कर्त्यांनी योजलेल्या पूर्ण दृश्यकोनासह वापरण्याची सोय त्यामुळे तुलनेने कमी खर्चात झाली. २०१८ मध्ये निकॉनच्या झेड आणि कॅननच्या ईओएस आर कॅमेऱ्यांनी ती आणखी विस्तारली.

दोषांतील सौंदर्य

आजची लेन्स संगणकाच्या साहाय्याने आखली जाते. कोपऱ्यापर्यंत धारदार, रंगांची किनार नाही, प्रकाशाची तिरीप नाही, अशी ती असते. मग पन्नास वर्षांपूर्वीच्या लेन्सचे कौतुक कशासाठी? याचे उत्तर तिच्या दोषांत आहे.

सोव्हिएत संघात झेनिट कॅमेऱ्यांसाठी बनलेली हेलिओस ४४-२ ही याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. ५८ मिलिमीटर नाभीय अंतर आणि एफ/२ ॲपर्चर असलेली ही लेन्स जर्मनीतील झाईस कंपनीच्या बायोटार लेन्सच्या आराखड्यावर आधारलेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर झाईसची यंत्रसामग्री आणि आराखडे युद्धभरपाई म्हणून सोव्हिएत संघात गेले. हेलिओस आणि ज्युपिटर या लेन्सची परंपरा त्यातूनच सुरू झाली. हेलिओसने पूर्ण उघड्या ॲपर्चरवर पानांनी भरलेल्या झाडासमोर व्यक्तीचे छायाचित्र घेतले, तर मागची पाने त्या व्यक्तीभोवती भोवऱ्यासारखी फिरताना दिसतात. चौकटीच्या कडेला येणाऱ्या प्रकाशाच्या शंकूचा काही भाग लेन्सच्या नळीमुळे कापला जातो. त्यामुळे तेथील प्रकाशबिंदू गोल न राहता मांजराच्या डोळ्यासारखे लांबट होतात आणि केंद्राभोवती वर्तुळाकार मांडले जातात. कडेच्या इतर प्रकाशीय दोषांची त्यात भर पडते. शास्त्राच्या दृष्टीने हा दोषच. चित्रकाराच्या दृष्टीने ती एक शैली आहे.

जर्मनीतील मायर ऑप्टिक गोर्लिट्झ या कंपनीची १०० मिलिमीटरची ट्रायोप्लान ही केवळ तीन भिंगांची साधी लेन्स. तिच्यातून पार्श्वभूमीतील दवबिंदू साबणाच्या फुग्यांसारखे चकचकीत कडांचे दिसतात. सुरुवातीच्या काळातील लेन्सवर परावर्तन रोखणारा लेप एकपदरी असे. झाईसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी असा लेप १९३५ मध्ये विकसित केला होता. पेंटॅक्सने १९७१ पासून आपल्या टाकुमार लेन्सवर बहुपदरी लेप दिला. एकपदरी लेपाच्या लेन्स उजेडासमोर धरल्या की चित्राचा कॉन्ट्रास्ट उतरतो आणि सावल्या मऊ होतात. काहींना व्यक्तिचित्रणासाठी नेमके हेच हवे असते.

चित्रपटसृष्टीनेही हा गुण हेरला आहे. २०२३ मध्ये प्रदर्शित झालेला 'द क्रिएटर' हा भव्य चित्रपट सोनीच्या एफएक्स ३ या लहानशा कॅमेऱ्यावर चित्रित झाला आणि त्यासाठी कोवा या जपानी कंपनीची जुनी ७५ मिलिमीटरची ॲनामॉर्फिक लेन्स वापरली गेली.

एक बाब मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. या लेन्सचे हे रूप त्यांच्या मूळ मालकांना भर दिवसा फारसे दिसलेच नव्हते. आपल्याकडच्या लख्ख उन्हात १०० आयएसओच्या फिल्मवर एफ/१६ ला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग एवढा प्रकाश पुरतो. तेच एफ/२ वर घ्यायचे, तर सेकंदाचा सहा हजार चारशेवा भाग एवढे वेगवान शटर लागेल. झेनिट-ई चे सर्वांत वेगवान शटर सेकंदाचा पाचशेवा भाग एवढेच होते. त्यामुळे उन्हात एफ/८ च्या आसपास ॲपर्चर लहान करण्यावाचून गत्यंतर नसे आणि भोवरा नाहीसा होई. आजच्या अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत शटर आठ हजाराव्या भागापर्यंत जाते. आजोबांच्या लेन्सचा स्वभाव नातवाला अधिक मोकळेपणाने कळतो, तो असा.

फोकस हाताने, मदत यंत्राची

या लेन्समध्ये ऑटोफोकस नाही. बाहेरची कडी फिरवून फोकस साधावा लागतो आणि उघड्या ॲपर्चरवर चुकीला वाव फार थोडा असतो. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/१.४ वर असेल आणि व्यक्ती एक मीटरवर असेल, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटर खोल असतो. डोळ्यावर फोकस साधला, तर कान अस्पष्ट होतो.

इथे मिररलेस कॅमेरा दोन प्रकारे मदत करतो. पहिला प्रकार फोकस पीकिंगचा. दृश्यातील ज्या कडा स्पष्ट आहेत, त्यांवर कॅमेरा लाल, पिवळी किंवा पांढरी रेघ उमटवतो. दुसरा मॅग्निफिकेशनचा. एक बटण दाबताच दृश्याचा लहानसा भाग व्ह्यूफाइंडरमध्ये कित्येक पट मोठा दिसतो. पीकिंगने अंदाज घ्यावा आणि मॅग्निफिकेशनने खात्री करावी, ही पद्धत सर्वांत भरवशाची.

कॅमेऱ्यात काही गोष्टी आधी निश्चित कराव्या लागतात. लेन्स आणि कॅमेरा यांच्यात विद्युत संपर्क नसल्याने लेन्स बसवलेलीच नाही, असा अनेक कॅमेऱ्यांचा समज होतो आणि शटर चालत नाही. त्यासाठी मेनूमध्ये 'लेन्सविना शटर' ही सोय चालू करावी लागते. कॅमेरा ॲपर्चर प्राधान्य मोडवर ठेवावा. ॲपर्चर लेन्सवरील कडीने निवडावे. शटरचा वेग कॅमेरा स्वतः ठरवतो. सेन्सर हलवून थरथर शोषून घेणारी यंत्रणा कॅमेऱ्यात असल्यास लेन्सचे नाभीय अंतर तिला हाताने सांगावे लागते. २८ मिलिमीटरची लेन्स लावून १३५ चा आकडा तसाच राहिला, तर यंत्रणा गरजेपेक्षा जास्त हलते आणि चित्र अधिकच बिघडते.

एम ४२ लेन्सपैकी काहींच्या मागे एक बारीक पिन असते. ती आत दाबली गेली, तरच ॲपर्चरची पाती मिटतात. लेन्सवर ऑटो-मॅन्युअल असे बटण असल्यास ते मॅन्युअलवर ठेवावे; नसल्यास पिन दाबून ठेवणारी आतली कड असलेला ॲडॅप्टर घ्यावा.

ॲडॅप्टरच्या निवडीत फार काटकसर करू नये. तो जाड झाला, तर दूरचे डोंगर कधीच स्पष्ट होत नाहीत. किंचित पातळ असल्यास कडी अनंताच्या खुणेपलीकडे जाते. ते चालवून घेता येते, पण लेन्सवरील अंतराचे आकडे खोटे ठरतात. ढिला ॲडॅप्टर जड लेन्सच्या वजनाने झुकतो आणि चित्राची एक बाजू पुसट येते.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या लेन्सबाबत विशेष काळजी हवी. लायकाच्या एम माऊंटचे फ्लँज अंतर २७.८ मिलिमीटर एवढेच असल्याने या लेन्सचा मागचा भाग सेन्सरच्या अगदी जवळ येतो. त्यांतील वाइड अँगल लेन्समधून कोपऱ्यांकडे जाणारे किरण फार तिरके पडतात. सेन्सरवरच्या काचेच्या थरातून जाताना ते विचलित होतात आणि कोपरे पुसट किंवा जांभळट दिसतात. नळी आत ढकलता येणाऱ्या लेन्स कॅमेऱ्यावर असताना कधीही मिटू नयेत. तिचा मागचा भाग सेन्सरवर किंवा शटरवर आदळला, तर दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीच्या कित्येक पट होऊ शकतो.

बुरशी : किनारपट्टीचा शत्रू

मुंबई, ठाणे, कोकण आणि गोवा या भागांत जुन्या लेन्सचा खरा शत्रू म्हणजे पावसाळ्यातील दमटपणा. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ साठ-पासष्ट टक्क्यांहून अधिक राहिली, तर काचेवर बुरशी धरू लागते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू हे तिचे लक्षण. बुरशीतून स्रवणारी आम्ले आधी लेप आणि मग काच खातात. वेळीच उघडून स्वच्छ केली, तर लेन्स वाचते. काचेवर एकदा चरे उमटले की ते जात नाहीत.

ज्या चामड्याच्या पिशवीत लेन्स जपून ठेवली जाते, तीच ओलावा धरून ठेवते. पिशवी वेगळी करावी. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी आणि जेलचा रंग बदलला की ते गरम करून कोरडे करावे. लेन्स अनेक असतील, तर आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांदरम्यान राखणारे विजेवरचे कोरडे कपाट परवडते. अतिकोरडेपणाही नको, त्याने आतील वंगण सुकते. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे लेन्स वापरत राहणे. उजेडात आणि मोकळ्या हवेत फिरणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

किरणोत्सारी काच

जुन्या लेन्सविषयी एक भीती वारंवार व्यक्त होते. १९५० ते १९७० च्या दशकांतील काही लेन्सच्या काचेत थोरियम डायऑक्साइड मिसळलेले असे. त्यामुळे काचेचा अपवर्तनांक वाढे आणि दोष सुधारणे सोपे जाई. पेंटॅक्सच्या ५० मिलिमीटर एफ/१.४ सुपर टाकुमारची सात भिंगांची आवृत्ती यांपैकीच एक. थोरियम किरणोत्सारी आहे. त्याचा अर्धायुष्यकाळ सुमारे १,४०० कोटी वर्षे असल्याने ही काच आहे तशीच राहणार. तथापि नेहमीच्या वापरात छायाचित्रकारापर्यंत पोहोचणारे प्रारण अत्यल्प असते. अशी काच घासू किंवा फोडू नये, तिचा डोळ्याला लावण्याचे भिंग म्हणून उपयोग करू नये आणि ती मुलांच्या खेळण्यात देऊ नये, एवढी दक्षता पुरेशी आहे. कालांतराने ही काच चहाच्या रंगासारखी पिवळी पडते. अतिनील किरणांच्या दिव्याखाली काही दिवस ठेवल्यास पिवळेपणा बराच उतरतो.

घेताना काय पाहावे

मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार परिसरातील कॅमेऱ्यांची दुकाने आणि चोर बाजार, पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार ही अशा वस्तूंच्या शोधाची परिचित ठिकाणे. लेन्स हाती आली की पुढील गोष्टी तपासाव्यात.

* मागच्या बाजूने टॉर्चचा प्रकाश टाकून पुढून पाहावे. तंतू दिसल्यास बुरशी, धुके दिसल्यास बाष्प किंवा वंगणाचा थर, कडेला इंद्रधनुषी डाग दिसल्यास भिंगे जोडणारा डिंक सुटलेला असतो. शेवटचा दोष दुरुस्त करणे सर्वांत अवघड.
* ॲपर्चरची कडी फिरवून पाती कोरडी आणि चपळ आहेत का, ते पाहावे. पात्यांवर तेल आलेले असल्यास ती चिकटतात.
* फोकसची कडी एकसारख्या ताणाने फिरली पाहिजे. ती जड झाली असेल, तर आतील ग्रीस सुकलेले असते. कारागिराकडून ते बदलून घेता येते.
* पुढच्या काचेवरील एखाददुसरा ओरखडा चित्रात दिसत नाही; त्यामुळे किंमत मात्र कमी करून मागता येते. मागच्या काचेवरील ओरखडा अधिक त्रासदायक.
* माऊंट कोणता, हे ओळखल्याशिवाय ॲडॅप्टर विकत घेऊ नये.

या लेन्सना मर्यादाही आहेत. खेळ, पक्षी, धावती मुले यांसाठी ऑटोफोकसला पर्याय नाही. लग्नसमारंभात एकच क्षण टिपायचा असेल, तर तो जुन्या लेन्सच्या भरवशावर सोडू नये. छायाचित्राच्या नोंदीत लेन्सचे नाव किंवा ॲपर्चर येत नाही. ते स्वतः लिहून ठेवावे लागते. आणि दुरुस्तीचा प्रश्न दिवसेंदिवस बिकट होत आहे. लेन्स उघडून, बुरशी काढून पुन्हा अचूक जुळवणारे कारागीर आता मोजकेच उरले आहेत. आज सहज वाचू शकणारी लेन्स काही वर्षांनी वाचेलच, असे नाही.

म्हणूनच घरात असा एखादा जुना कॅमेरा असेल, तर पुढचा पावसाळा सुरू होण्यापूर्वी तो बाहेर काढावा. लेन्स कॅमेऱ्यापासून सोडवावी, टॉर्च लावून पाहावी. काच स्वच्छ असेल, तर एका ॲडॅप्टरच्या खर्चात ती पुन्हा कामाला लागेल. ज्या काचेतून कधीकाळी मुंज, बारसे, गणपती आणि शाळेचे स्नेहसंमेलन टिपले गेले, त्याच काचेतून त्या घरातील पुढच्या पिढीचे चेहरेही टिपता येतील.